काअहुमानू

काअहुमानू (जन्म: सुमारे १७६८, हाना, माउई बेट, मृत्यू: ५ जून, १८३२, मानोआ खोरे, ओआहू बेट) ही हवाई राज्याची राणी, पहिली कुहिना नुई म्हणजे सहशासक आणि राजप्रतिनिधी होती. हवाई बेटे एका छत्राखाली आणणारा राजा कामेहामेहा पहिला याची ती सर्वांत प्रिय आणि सर्वांत प्रभावशाली पत्नी होय. राजाच्या मृत्यूनंतर, १८१९ ते १८३२ या तेरा वर्षांच्या काळात, कामेहामेहा दुसरा आणि कामेहामेहा तिसरा हे दोघे नावाने राजे असले तरी राज्याची सूत्रे बव्हंशी काअहुमानूच्या हाती होती. कापू नावाची प्राचीन निषेधव्यवस्था मोडीत काढणे, काउआई बेट राज्याला कायमचे जोडणे, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, साक्षरतेचा प्रसार, पहिले जाहीर कायदे आणि अमेरिकेबरोबरचा पहिला करार या तिच्या कारकिर्दीतील ठळक घटना आहेत. हुलानृत्यावरील बंदी आणि कॅथलिक पंथीयांचा छळ यांमुळे तिच्यावर टीकाही झाली आहे.

नाव

हवाई भाषेत 'अहु' म्हणजे अंगावर घेण्याचे प्रावरण आणि 'मानू' म्हणजे पक्षी. पक्ष्यांच्या पिसांचे प्रावरण असा काअहुमानू या नावाचा अर्थ होतो. लाल आणि पिवळ्या पिसांची प्रावरणे हे हवाईमध्ये उच्च कुळाचे आणि सत्तेचे चिन्ह मानले जात असे. माउईचा राजा काहेकिली याच्या पूर्ण नावातही हा शब्द येतो आणि त्याच्याच नावावरून तिचे नाव ठेवले गेले. १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिने एलिझाबेथ हे ख्रिस्ती नाव धारण केले.

जन्म आणि कुळ

काअहुमानूचा जन्म माउई बेटाच्या पूर्व टोकाला हाना येथे, समुद्रालगतच्या काउइकी टेकडीच्या एका गुहेत झाला, असे परंपरा सांगते. तिचा पिता केएआउमोकू हा हवाई बेटावरचा सरदार असून त्या वेळी परागंदा होता. आई नामाहाना ही माउईच्या राजघराण्यातील स्त्री होती. माउईचा दिवंगत राजा कामेहामेहानुई हा नामाहानाचा सावत्र भाऊ आणि पूर्वीचा पती होता. हवाईच्या राजकुळात रक्ताची शुद्धता राखण्यासाठी असे विवाह मान्य होते. आईकडून माउईच्या राजांशी आणि वडिलांकडून हवाई बेटाच्या सरदारांशी असे काअहुमानूचे दुहेरी नाते होते. पुढे दोन्ही बेटांच्या राजकारणात तिला जे वजन प्राप्त झाले त्याचे मूळ या नात्यांत आहे.

तिची भावंडेही पुढे मोठ्या पदांना पोहोचली. कालाकुआ काहेइहेइमालिए आणि पिइया या तिच्या बहिणींचा विवाह कामेहामेहाशीच झाला. भाऊ कुआकिनी हवाई बेटाचा, तर धाकटा केएआउमोकू माउईचा राज्यपाल झाला.

कामेहामेहाशी विवाह

१७८२ साली मोकुओहाई येथे झालेल्या लढाईत केएआउमोकूने कामेहामेहाच्या बाजूने मोठा पराक्रम गाजवला. कामेहामेहाचा प्रतिस्पर्धी किवालाओ या लढाईत त्याच्याच हातून मारला गेला. पुढे केएआउमोकू हा कामेहामेहाचा सेनानी आणि प्रमुख सल्लागार बनला. आपल्या मुलीचा विवाह त्याने कामेहामेहाशी लावून दिला. त्या वेळी ती किशोरवयात होती.

कामेहामेहाला अनेक पत्नी होत्या. त्यांत कुळाने सर्वश्रेष्ठ केओपुओलानी ही होती आणि राज्याचे वारस तिच्या पोटी जन्मले. काअहुमानूला स्वतःचे मूल झाले नाही. तरीही राजाच्या मनावर सर्वाधिक अधिकार तिचाच होता. ती सहा फुटांहून उंच, भक्कम बांध्याची आणि देखणी होती. लाटांवर फळीने स्वार होण्याच्या खेळात ती निष्णात होती. १८१६ साली रशियन जहाजाने आलेल्या लुई कोरिस या चित्रकाराने काढलेले तिचे चित्र उपलब्ध आहे.

कामेहामेहाने तिला विशेष अधिकार दिले. हवाईमध्ये पुउहोनुआ म्हणजे अभयस्थाने असत. अपराधी किंवा पराभूत माणूस तेथे पोहोचला की त्याचे प्राण वाचत. काअहुमानूची व्यक्ती आणि तिच्या जमिनी यांना राजाने असा अभयस्थानाचा दर्जा दिला होता. मृत्युदंडास पात्र ठरलेला मनुष्य तिच्या आश्रयाला गेल्यास त्याला जीवदान मिळत असे. ज्या व्यवस्थेत स्त्रियांना मंदिरात पाऊल टाकता येत नव्हते, त्याच व्यवस्थेत एका स्त्रीला हा अधिकार होता.

या दांपत्याचे संबंध मात्र सदैव सलोख्याचे नव्हते. काइआना या सरदाराशी तिची जवळीक असल्याच्या संशयावरून दोघांत दुरावा आला आणि ती माहेरी जाऊन राहिली. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर याने पुढाकार घेऊन आपल्या जहाजावर दोघांचा समेट घडवून आणला. काइआना पुढे शत्रुपक्षाला मिळाला आणि १७९५ मध्ये ओआहूवरील नुउआनूच्या लढाईत मारला गेला. होनाउनाउ येथील अभयस्थानात काअहुमानूच्या नावाने ओळखली जाणारी एक प्रचंड शिळा आजही दाखवली जाते. पतीशी भांडण झाल्यावर ती या शिळेखाली लपली होती, पण तिच्या कुत्र्याच्या भुंकण्याने तिचा ठावठिकाणा उघड झाला, अशी आख्यायिका आहे.

कामेहामेहाचा मृत्यू आणि कुहिना नुई पद

१७९५ नंतर काउआई आणि निइहाऊ वगळता सर्व बेटे कामेहामेहाच्या ताब्यात होती. १८१० मध्ये काउआईचा राजा काउमुआलिई याने मांडलिकत्व पत्करल्यावर हवाईचे एकीकरण पूर्ण झाले. केएआउमोकू १८०४ च्या साथीत मरण पावला होता. त्यानंतरही त्याच्या कुटुंबाचे महत्त्व काअहुमानूमुळे कायम राहिले. युवराज लिहोलिहो याच्या पालकत्वाची जबाबदारी राजाने तिच्याकडे दिली होती.

८ मे १८१९ रोजी कोना प्रांतातील कामाकाहोनु येथे कामेहामेहाचे निधन झाले. मृत्यूमुळे ते ठिकाण अशुद्ध झाल्याने प्रथेप्रमाणे युवराजाला काही काळ कोहाला येथे पाठवण्यात आले. तो परतला तेव्हा काअहुमानू राजचिन्हे धारण करून सरदारांसह त्याला सामोरी गेली. दिवंगत राजाच्या इच्छेनुसार राज्य आपण दोघांनी मिळून चालवायचे आहे, असे तिने सर्वांसमक्ष जाहीर केले. सुमारे बावीस वर्षांच्या लिहोलिहोने ते मान्य केले. तो कामेहामेहा दुसरा या नावाने गादीवर आला आणि काअहुमानू कुहिना नुई झाली.

कुहिना नुई हे पद पूर्वी हवाईमध्ये नव्हते. या पदावरील व्यक्तीच्या संमतीशिवाय राजाला महत्त्वाचे निर्णय घेता येत नसत, आणि राजा अज्ञान किंवा अनुपस्थित असेल तर कारभार तिच्याकडे येई. केवळ पंतप्रधानपदाशी त्याची तुलना करणे पुरेसे ठरत नाही. कारभाराच्या कामात काअहुमानूचा नातलग कालानिमोकू हा तिचा मुख्य सहकारी होता.

कापू व्यवस्थेचा अंत

हवाईचे सामाजिक, धार्मिक आणि राजकीय जीवन कापू या निषेधांनी बांधलेले होते. सरदाराच्या सावलीवर पाय पडणे, निषिद्ध काळात मासेमारी करणे, मंदिराच्या आवारात अवेळी आवाज करणे अशा गोष्टींना मृत्युदंड असे. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. दोघांचे अन्न वेगळ्या भट्टीत शिजवले जाई आणि वेगळ्या घरांत खाल्ले जाई. डुकराचे मांस, केळी, नारळ आणि काही जातींचे मासे स्त्रियांना वर्ज्य होते. राणी असली तरी तिला यातून सूट नव्हती. मोठ्या मंदिरांतील विधींना स्त्रियांना प्रवेश नव्हता. राज्याच्या युद्धाचे आणि शांततेचे निर्णय याच विधींशी जोडलेले असल्यामुळे, कुहिना नुई झालेली काअहुमानू कापू टिकून असेपर्यंत सत्तेच्या केंद्राबाहेरच राहणार होती.

१७७८ मध्ये जेम्स कुक आल्यापासून चाळीस वर्षे परदेशी खलाशी कापू मोडत होते आणि त्यांच्यावर कोणताही दैवी कोप झाल्याचे लोकांना दिसले नव्हते. जहाजांवर गेलेल्या हवाईच्या स्त्रियांनी पुरुषांबरोबर बसून निषिद्ध पदार्थ खाल्ले होते. ताहितीच्या राजाने जुना धर्म सोडल्याची वार्ताही बेटांवर पोहोचली होती. परदेशी लोकांनी आणलेल्या रोगांनी माणसे मरत असताना जुने देव आणि पुरोहित त्यांना वाचवू शकत नव्हते. काअहुमानूच्या निर्णयाला हा अनुभव कारणीभूत होता, तसा सत्तेचा हिशेबही होता.

राज्यारोहणाच्या वेळीच तिने लिहोलिहोला कापू सोडण्याची सूचना केली, तेव्हा तो गप्प राहिला. त्यानंतर राजमाता केओपुओलानीने आपला धाकटा मुलगा काउइकेआउली याच्यासह जेवण करून पहिले पाऊल टाकले. लिहोलिहो काही महिने द्विधा मनःस्थितीत होता. अखेरीस नोव्हेंबर १८१९ मध्ये काइलुआ येथील एका मोठ्या मेजवानीत तो पुरुषांच्या पंगतीतून उठला आणि स्त्रियांमध्ये जाऊन जेवू लागला. हवाईच्या इतिहासात ही घटना 'आई नोआ' म्हणजे मुक्त भोजन या नावाने ओळखली जाते. पाठोपाठ मंदिरे पाडण्याचा आणि मूर्ती जाळण्याचा हुकूम सुटला. प्रमुख पुरोहित हेवाहेवा यानेही या कामाला साथ दिली.

राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी याच्याकडे कामेहामेहाने कुकाइलिमोकू या युद्धदेवतेचे रक्षण सोपवले होते. जुन्या धर्माच्या रक्षणासाठी त्याने बंड पुकारले. डिसेंबर १८१९ मध्ये कुआमोओ येथे झालेल्या लढाईत कालानिमोकूच्या सैन्याने बंदुकांच्या बळावर त्याचा पराभव केला. केकुआओकालानी आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारी त्याची पत्नी मानोनो हे दोघेही रणांगणावर पडले. लोकांनी घरांत आणि गुहांत लपवलेल्या मूर्तींची पूजा मात्र पुढेही काही काळ चालू राहिली.

पहिले ख्रिस्ती धर्मप्रचारक हवाईच्या किनाऱ्याला लागले ते यानंतर, १८२० च्या वसंतात. कापूचा अंत हा हवाईच्या राज्यकर्त्यांनी, आणि त्यातही दोन राण्यांनी, स्वतः घेतलेला निर्णय होता.

काउआई बेटाचे विलीनीकरण

काउआईचा राजा काउमुआलिई मांडलिक असला तरी त्याचे बेट प्रत्यक्षात स्वतंत्रच होते. १८१५ ते १८१७ या काळात एका रशियन कंपनीच्या प्रतिनिधीशी त्याने परस्पर संधान बांधले होते. त्यामुळे त्याच्या निष्ठेविषयी शंका होती. १८२१ च्या उन्हाळ्यात लिहोलिहो एका लहान होडीतून काउआईला गेला. काउमुआलिईने त्याचे स्वागत करून निष्ठा व्यक्त केली. काही आठवड्यांनी लिहोलिहोने त्याला आपल्या जहाजावर बोलावले आणि रात्रीच जहाज ओआहूकडे हाकारले.

होनोलुलूत पोहोचल्यावर ऑक्टोबर १८२१ मध्ये काअहुमानूने काउमुआलिईशी विवाह केला. त्याचा तरुण मुलगा केआलिइआहोनुई यालाही तिने पती केले. या विवाहांमुळे काउआईचा राजा आणि त्याचा वारस दोघेही तिच्या देखरेखीखाली आले. काउमुआलिई पुन्हा आपल्या राज्यावर प्रत्यक्ष सत्ता गाजवू शकला नाही.

२६ मे १८२४ रोजी काउमुआलिईचा मृत्यू झाला. त्याचा दुसरा मुलगा हुमेहुमे याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंड करून वाइमेआच्या किल्ल्यावर हल्ला चढवला. कालानिमोकूने हे बंड मोडून काढले. काउआईच्या बहुतेक सरदारांच्या जमिनी काढून घेऊन त्या काअहुमानूच्या आप्तांना आणि समर्थकांना वाटण्यात आल्या. राज्याची एकता यामुळे पक्की झाली, परंतु काउआईच्या जुन्या घराण्यांना देशोधडीला लागावे लागले.

अक्षरओळख आणि धर्मांतर

अमेरिकेतील बोस्टनहून 'थॅडियस' या जहाजाने आलेल्या धर्मप्रचारकांत हायरम बिंगहॅम हे प्रमुख होते. सुरुवातीला काअहुमानू त्यांच्याशी तुटकपणे वागे. १८२१ च्या अखेरीस ती गंभीर आजारी पडली. त्या वेळी बिंगहॅम यांच्या पत्नी सिबिल यांनी तिची शुश्रूषा केली आणि तिच्या वागण्यात फरक पडू लागला.

७ जानेवारी १८२२ रोजी होनोलुलूत हवाई भाषेतील पहिला छापील कागद निघाला. छापयंत्राचा दांडा ओढण्याचा मान काअहुमानूचा भाऊ केएआउमोकू याला मिळाला. त्याच वर्षी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ती अक्षरे शिकायला बसली. काही वर्षांतच ती सहजपणे वाचू लागली. पुढे तिने बेटाबेटांवर फिरून शाळांच्या परीक्षा स्वतः पाहिल्या. राणी वाचते हे पाहिल्यावर सरदार शिकू लागले आणि सरदारांच्या हुकुमाने प्रजा शिकू लागली. १८३१ च्या सुमारास राज्यात सुमारे अकराशे शाळा होत्या आणि त्यांत पन्नास हजारांहून अधिक लोक शिकत होते. त्यांतील बहुसंख्य प्रौढ होते. त्या वेळी सर्व बेटांची लोकसंख्या सुमारे १,३०,००० होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या चळवळीचा आवाका लक्षात येतो.

१८२२ मध्येच तिने हवाई बेटाचा दौरा करून लपवलेल्या मूर्ती शोधून काढल्या आणि शंभराहून अधिक मूर्ती जाळून टाकल्या. एप्रिल १८२४ मध्ये तिने प्रॉटेस्टंट पंथाचा जाहीर पुरस्कार केला आणि डिसेंबर १८२५ मध्ये होनोलुलूत बाप्तिस्मा घेतला. एका वेळी एकच जोडीदार या चर्चच्या नियमानुसार तिने केआलिइआहोनुईशी असलेला संबंध तोडला. धर्मांतरानंतर तिच्या स्वभावातील ताठरपणा कमी होऊन ती सामान्यांशी ममतेने वागू लागली, असे समकालीनांनी नमूद केले आहे. लोक तिला 'नवी काअहुमानू' म्हणू लागले.

राजप्रतिनिधी म्हणून कारभार

नोव्हेंबर १८२३ मध्ये लिहोलिहो पत्नी कामामालूसह इंग्लंडला रवाना झाला. धाकटा भाऊ काउइकेआउली याला वारस नेमून त्याने राज्यकारभार काअहुमानूकडे सोपवला. लंडनमध्ये दोघांनाही गोवर झाला आणि जुलै १८२४ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोघांचेही निधन झाले. त्यांचे मृतदेह घेऊन 'ब्लाँड' ही ब्रिटिश युद्धनौका मे १८२५ मध्ये होनोलुलूला आली. कवी बायरनचा भाऊबंद आणि त्याच्यानंतरचा लॉर्ड बायरन हा या नौकेचा प्रमुख होता.

जून १८२५ मध्ये सरदारांच्या सभेने सुमारे अकरा वर्षांच्या काउइकेआउलीला कामेहामेहा तिसरा म्हणून मान्यता दिली आणि काअहुमानूची राजप्रतिनिधी म्हणून नेमणूक कायम केली. याच सभेत जमिनींविषयी एक महत्त्वाचा निर्णय झाला. पूर्वी राजा मरण पावला की नवा राजा सर्व जमिनींचे पुन्हा वाटप करी. ही प्रथा बंद करून सरदारांच्या जमिनी त्यांच्याकडे वंशपरंपरेने ठेवण्याचे ठरले. राज्यारोहणाच्या वेळी होणाऱ्या लढायांचे एक मोठे कारण त्यामुळे नाहीसे झाले.

१८२४ मध्ये काअहुमानूने खून, चोरी, मारामारी यांना मनाई करणारे आणि रविवार पाळण्याची सक्ती करणारे नियम जाहीर केले. डिसेंबर १८२७ मध्ये सरदारांच्या सभेने खून, चोरी आणि व्यभिचार यांविषयीचे कायदे रीतसर प्रसिद्ध केले. ब्रिटिश वकील रिचर्ड चार्ल्टन याने ब्रिटनच्या संमतीशिवाय हवाईला कायदे करता येणार नाहीत असा दावा केला, पण काअहुमानूने तो जुमानला नाही.

परदेशी खलाशांशी संघर्ष

१८१९ पासून देवमाशांच्या शिकारीसाठी निघालेली जहाजे होनोलुलू आणि लाहाइना या बंदरांत येऊ लागली. स्त्रियांनी जहाजांवर जाण्यास काअहुमानूच्या राजवटीने बंदी घातल्याने खलाशी संतापले. १८२५ मध्ये लाहाइना येथे एका ब्रिटिश जहाजाच्या खलाशांनी धर्मप्रचारक विल्यम रिचर्ड्स यांच्या घराला वेढा घातला. फेब्रुवारी १८२६ मध्ये 'डॉल्फिन' या अमेरिकी युद्धनौकेच्या खलाशांनी होनोलुलूत कालानिमोकूच्या आणि बिंगहॅम यांच्या घरांवर हल्ला केला. १८२७ मध्ये एका जहाजावरून लाहाइनावर तोफाही डागल्या गेल्या. ज्या राज्याकडे म्हणण्यासारखे आरमार नव्हते, त्या राज्याने बलाढ्य देशांच्या प्रजाजनांना आपला कायदा पाळायला लावण्याचा हा प्रयत्न होता.

चंदनाचे कर्ज आणि अमेरिकेशी करार

हवाईच्या डोंगरांत वाढणाऱ्या चंदनाला चीनमध्ये मोठी मागणी होती. कामेहामेहाने या व्यापारावर स्वतःची मक्तेदारी ठेवून नवी झाडे राखली होती. त्याच्या मृत्यूनंतर सरदारांनाही व्यापाराची मोकळीक मिळाली. जहाजे, कापड, दारू आणि चैनीच्या वस्तू त्यांनी उधारीवर घेतल्या आणि बदल्यात चंदन देण्याचे कबूल केले. जंगले विरळ होत गेली, तसे कर्ज डोईजड झाले.

वसुलीसाठी अमेरिकेने १८२६ मध्ये 'पीकॉक' या युद्धनौकेवरून टॉमस जोन्स या अधिकाऱ्याला पाठवले. २३ डिसेंबर १८२६ रोजी काअहुमानू आणि सरदारांनी त्याच्याशी करार केला. शांतता, मैत्री, व्यापाराची मुभा आणि पळून आलेल्या खलाशांना परत पाठवणे ही त्यातील मुख्य कलमे होती. हवाईने परकीय सत्तेशी केलेला हा अमेरिकेबरोबरचा पहिला करार होय. अमेरिकेच्या सिनेटने त्याला मंजुरी दिली नाही, तरीही हवाईच्या बाजूने तो पाळला गेला.

चारच दिवसांनी कर्जफेडीसाठी राज्यव्यापी कराची घोषणा झाली. प्रत्येक धडधाकट पुरुषाने अर्धा पिकुल, म्हणजे सुमारे ३० किलो चंदन द्यावे, अथवा चार स्पॅनिश डॉलर भरावेत असे ठरले. चंदन तोडणाऱ्याला तेवढेच लाकूड स्वतःसाठी ठेवण्याची मुभा होती. प्रत्येक स्त्रीने बारा फूट लांब व सहा फूट रुंद चटई, तेवढ्याच मोलाचे सालींचे कापड किंवा एक डॉलर द्यायचा होता. कर्ज सरदारांनी केले होते, ते फेडण्याचा भार मात्र शेतकऱ्यांच्या पाठीवर आला. गावेच्या गावे डोंगरात चंदन तोडायला गेल्याने अळकुड्यांची शेते ओस पडली. थोड्याच वर्षांत तोडण्याजोगे चंदनही उरले नाही आणि कर्जाची बाकी पुढेही चालत राहिली.

हुलाबंदी आणि कॅथलिकांचा छळ

१८३० मध्ये काअहुमानूने हुलानृत्याच्या सार्वजनिक प्रयोगांवर बंदी घातली. हवाईला लिपी नव्हती तेव्हा वंशावळी, देवांच्या कथा आणि राजांची स्तुती हुला आणि त्याच्याबरोबरच्या गायनातूनच पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली होती. बंदीमुळे ही परंपरा खेड्यापाड्यांत आडोशाला गेली. तिला पुन्हा राजाश्रय मिळाला तो राजा कालाकाउआच्या काळात, १८८३ च्या राज्याभिषेकसोहळ्यात.

जुलै १८२७ मध्ये अलेक्सी बाशलो यांच्या नेतृत्वाखाली कॅथलिक धर्मप्रचारक होनोलुलूला आले. कॅथलिक चर्चमधील मूर्ती आणि प्रतिमा पाहून जुनी मूर्तिपूजाच परत येत असल्याचे काअहुमानूचे मत झाले. ओआहूचा राज्यपाल बोकी याने कॅथलिकांना आश्रय दिल्यामुळे या वादाला सत्तासंघर्षाचेही रूप आले. बोकी १८२९ च्या अखेरीस चंदनाच्या शोधात दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. त्याची पत्नी लिलिहा हिने होनोलुलू ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न केला, पण १८३१ मध्ये तिला पदावरून दूर व्हावे लागले.

काअहुमानूने कॅथलिक शिकवणुकीवर बंदी घातली. स्थानिक कॅथलिकांना, त्यांत स्त्रियांनाही, कैद करून सक्तमजुरीला लावण्यात आले. डिसेंबर १८३१ मध्ये बाशलो आणि पॅट्रिक शॉर्ट या धर्मगुरूंना जहाजात बसवून कॅलिफोर्नियाला पाठवण्यात आले. हा प्रश्न तिच्या मृत्यूनंतरही चिघळत राहिला. १८३९ मध्ये फ्रेंच युद्धनौकेच्या धमकीपुढे हवाईला कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य द्यावे लागले.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

१८३२ च्या सुरुवातीला काअहुमानूने बेटांचा दौरा केला. माउईवरील वाइलुकू येथे नवी चर्च बांधली जाईल तेव्हा तिला आपले नाव द्यावे, अशी इच्छा तिने व्यक्त केली. त्यानंतर तिची प्रकृती ढासळत गेली आणि होनोलुलूजवळच्या मानोआ खोऱ्यातील आपल्या घरी ती विश्रांतीसाठी गेली. हवाई भाषेतील 'नवा करार' नुकताच छापून तयार झाला होता. तिचे नाव घातलेली, लाल चामड्याच्या बांधणीची पहिली प्रत तिच्या हाती देण्यात आली. ५ जून १८३२ रोजी पहाटे तिचे निधन झाले. राजघराण्याच्या समाधिस्थानात तिचे दफन झाले. पुढे तिचे अवशेष होनोलुलूतील माउना आला या राजसमाधिस्थळी हलवण्यात आले.

तिच्यानंतर तिची भाची किनाऊ ही काअहुमानू दुसरी या नावाने कुहिना नुई झाली. एकूण सहा कुहिना नुईंपैकी चार स्त्रिया होत्या. १८६४ च्या राज्यघटनेने हे पद रद्द केले.

मूल्यमापन

काअहुमानूविषयी परस्परविरोधी मते आढळतात. धर्मप्रचारकांच्या लेखनात ती एक धर्मनिष्ठ आणि न्यायी राणी आहे. एकोणिसाव्या शतकातील हवाईचे इतिहासकार सॅम्युएल कामाकाऊ यांच्या लेखनात तिचे कर्तृत्व आणि तिचे दोष दोन्ही येतात. विसाव्या शतकात हवाईच्या संस्कृतीचे पुनरुज्जीवन सुरू झाल्यावर मंदिरांचा नाश आणि हुलाबंदी यांसाठी तिच्याकडे बोट दाखवले गेले.

तिने मोडलेली व्यवस्था स्त्रियांना कमी लेखणारी आणि क्षुल्लक अपराधासाठी जीव घेणारी होती. मात्र तिच्या जागी आलेले नियमही वरून लादलेले होते आणि श्रद्धेच्या बाबतीत त्यांनीही प्रजेला मोकळीक दिली नाही. कापूच्या मागे देवांचे बळ होते, तसे नव्या कायद्यामागे नव्या देवाचे बळ उभे राहिले. दोन्हींच्या मुळाशी राज्यसत्ता टिकवण्याची गरज होती, असे अनेक अभ्यासकांना वाटते. रोगराई, कर्ज आणि परदेशी युद्धनौका यांच्या वेढ्यात सापडलेले हवाई राज्य तिच्या हयातीत फुटले नाही आणि कोणाचे अंकितही झाले नाही. स्वतंत्र राज्य म्हणून ते १८९३ पर्यंत टिकले, याचे बरेच श्रेय तिच्या काळात झालेल्या पायाभरणीकडे जाते.

स्मारके

* माउईवरील वाइलुकू येथील काअहुमानू चर्च. सध्याची इमारत १८७६ मधील आहे.
* हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून काइलुआ आणि कावाइहाए यांना जोडणारा राणी काअहुमानू महामार्ग.
* काअहुमानू सोसायटी ही हवाईच्या स्त्रियांची संस्था. आजारी आणि वृद्धांच्या मदतीसाठी राजकन्या व्हिक्टोरिया कामामालू हिने १८६४ मध्ये ती स्थापन केली. १९०५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले.
* होनोलुलूतील पुनाहोऊ शाळा. काअहुमानूच्या आग्रहावरून १८२९ मध्ये बोकीने बिंगहॅम यांना दिलेल्या जमिनीवर ही शाळा १८४१ मध्ये सुरू झाली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हे या शाळेचे विद्यार्थी होत.

हेही पाहा

* कामेहामेहा पहिला
* केओपुओलानी
* हवाईचे राज्य
* लिलिउओकालानी